लिनक्सवाल्यांनो, खरं सांगा, फुकट आहे म्हणूनच ना?

अधांतरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझा लॅपटॉप आठ वर्षं जुना आहे. चालतो व्यवस्थित, बॅटरी सोडली तर तक्रार नाही. पण मशीनबरोबर जी सिस्टीम आली होती तिचं पुढचं व्हर्जन यावर चढणार नाही असं तिनेच एक दिवस स्क्रीनवर सांगून टाकलं, म्हणजे एकतर नवीन घ्या नाहीतर आहे तसं रामभरोसे वापरत बसा. ऑफिसातला एक सहकारी बरीच वर्षं लिनक्स नावाची दुसरी, मोफत मिळणारी सिस्टीम वापरतो. त्याला मी आपलं सहज म्हटलं, "तुझं बरंय बाबा, फुकटात काम होतं." झालं! त्याचा चेहराच पडला आणि पुढची चाळीस मिनिटं तो बोलत होता, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं.

तर प्रश्न असा की विकतची, सगळ्यांना येणारी, सगळीकडे चालणारी सिस्टीम सोडून लोक ओपन सोर्सकडे (म्हणजे ज्याचं आतलं लिखाण कोणालाही वाचता-बदलता येतं त्याकडे) का जातात आणि गेले की परत का येत नाहीत? एकच विनंती, "सिक्युअर आहे", "पॉवरफुल आहे" असे शब्द फेकून जाऊ नका. तुम्ही स्वतः रोज काय करता ते सांगा.

रिकामटेकडा

हो. फुकट आहे म्हणूनच. धागा बंद करा. (हलके घ्या.)

गंमत सोडा, पण फुकटचा मुद्दा मला कधीच पटला नाही. बहुतेकांना विकतची सिस्टीम मशीनबरोबर आधीच भरून मिळते, तिचे पैसे वेगळे मोजल्याचं कोणाला आठवतही नाही. म्हणजे खिशाच्या दृष्टीने तीही फुकटच वाटते. लिनक्स टाकणारा माणूस उलट पदरमोड करतो, वेळेची. आयतं मिळालेलं पुसून दुसरं बसवायचं हा उद्योग कोणी फुकट मिळतं म्हणून करत नाही.

जुनाजाणता

अधांतरी, तुमच्या सहकाऱ्याचा चेहरा का पडला ते मी सांगतो. सगळा घोळ इंग्रजीतल्या 'फ्री' या एका शब्दाने घातलाय. इंग्रजीत बोलणाऱ्यांना दर वेळी खुलासा करत बसावं लागतं की बाबांनो, फ्री म्हणजे तसलं फ्री नाही. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं, आपल्याला गोंधळायचं कारणच नव्हतं, तरी आपण मुद्दाम 'फुकट' म्हणून त्यांच्या गोंधळात उडी मारतो.

याची सुरुवात एका प्रिंटरपासून सांगतात. १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर, कागद अडकला की कोणाला पत्ता नाही, खाली जाऊन बघावं तर कालपासून सगळ्यांची कामं तुंबलेली. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा सोर्स (म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) हाताशी होता म्हणून त्यांनी त्यात बदल करून ठेवला होता, कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा. मग नवीन प्रिंटर आला, वेगवान, लेझर, पण त्याचा सोर्स काही मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली, तो देईना. कागद अडकतोय, दुरुस्ती माहितीय, करायची तयारी आहे, पण हात लावायचा नाही! त्या चिडीतून पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, म्हणजे सगळ्यांना मुक्त असलेली अख्खी सिस्टीम बनवायचा.

त्यांच्याकडे सिस्टीमचे बाकी अवयव हळूहळू तयार झाले, गाभा म्हणजे कर्नल मात्र होईना. तो आला भलतीकडून. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स नावाच्या एका छोट्या सिस्टीमच्या न्यूजग्रुपवर (तेव्हाचा चर्चेचा फोरम) लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, छंद म्हणून, फार मोठी वगैरे होणार नाही. तोच लायनस टोरवाल्ड्स. १९९२ मध्ये त्याने ती जीपीएल या ग्नूच्याच मुक्त लायसन्सखाली आणली आणि मग मागे वळून बघितलं नाही.

मी स्वतः हे पहिल्यांदा फ्लॉप्यांवरून चढवलं होतं. गठ्ठा संपत आला आणि शेवटून दुसऱ्या फ्लॉपीला रीड एरर. त्या रात्री बोललेले शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

निशाचर

मी प्रोग्रामर नाही, थ्रीडी अ‍ॅनिमेशन करते. माझं कारण एका रात्रीचं आहे.

अकरा तासांचं रेंडर (मशीन एकेक फ्रेम रंगवून काढतं ते काम) लावून झोपले होते. सकाळी उठून बघते तर लॉगिनचा पडदा, "अपडेट पूर्ण झालं, स्वागत आहे." किती फ्रेम झाल्या होत्या? २१२. पाहिजे होत्या ६००. कुठलीशी अ‍ॅक्टिव्ह अवर्स म्हणून सेटिंग होती म्हणे, ती मी भरली नव्हती, म्हणजे चूक माझीच! मशीन माझं, वीज माझी, काम माझं, आणि रात्री तीन वाजता ते बंद करायचा निर्णय तिसऱ्याचाच.

आता डेबियनवर आहे, लिनक्सचाच एक प्रकार. ते मला सांगतं की १४ पॅकेजेसची (म्हणजे प्रोग्रामांची) नवीन व्हर्जनं आलीत. मी म्हणते आज नको. ते गप्प बसतं. दुसऱ्या दिवशी लाडीगोडी नाही, "आठवण करू का" नाही, काही नाही. मला एवढंच हवं होतं हो.

सोर्सवाचक

निशाचरताई, +१. यामागची गंमत ऐका. लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि प्रत्यक्ष फाइल वेगळी. चालू प्रोग्रामने एखादी फाइल धरून ठेवली असली तरी तिचं नाव काढून नव्या फाइलला देता येतं. जुनी फाइल बिननावाची होऊन डिस्कवर तशीच राहते, तो प्रोग्राम तिचंच वाचत राहतो, आणि शेवटच्याने सोडली की जागा मोकळी होते. म्हणून अपडेट चालू असताना तुम्ही काम करत बसू शकता. जिथे उघड्या फाइलला कुलूप लागतं तिथे मग "रीस्टार्टच्या वेळी बदलतो" म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. नवा कर्नल वापरायचा तर रीस्टार्ट इथेही लागतोच, फक्त तो कधी करायचा ते तुम्ही ठरवता.

पण सगळंच गोड नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची 'स्नॅप' प्रकारची पॅकेजेस आपणहून अपडेट होतात, त्यावरून याच जमातीत भरपूर भांडणं झालीत.

काडीपेटी

आलो. माझ्याशिवाय धागा अळणी होत होता.

मी रोज विंडोज वापरतो आणि सुखी आहे. गेम लावला, चालला. प्रिंटर लावला, चालला. लिनक्सवाल्या मित्राकडे गेलो की तो कायम कशाच्या तरी दुरुस्तीत असतो, एकदा ब्लूटूथचा हेडफोन जोडायला तासभर काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत होता आणि वर मला सांगतो की "बघ, पूर्ण कंट्रोल आहे." अरे हेडफोन जोड ना आधी.

दुसरं. सोर्स सगळ्यांसाठी खुला, कोणीही वाचू शकतो, वगैरे. इथे हात वर करा, कर्नलचा सोर्स कोणी वाचलाय? कोट्यवधी ओळी आहेत. जो दरवाजा कोणी उघडत नाही तो उघडा आहे की बंद, काय फरक पडतो?

आणि म्युनिक शहराने २००३ मध्ये गाजावाजा करून लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं, हेही कोणीतरी सांगा की.

सोर्सवाचक

हात वर करतो, अर्धा. साउंड कार्डच्या ड्रायव्हरच्या चारेकशे ओळी वाचल्यात, गरज पडली म्हणून. बाकीच्या कोट्यवधी नाही.

पण काडीपेटी, उघड्या दरवाजाचं उत्तर २०२४ मध्येच मिळालंय. अँड्रेस फ्रॉइंड नावाचे एक इंजिनियर पोस्टग्रेस या डेटाबेसचं काहीतरी मोजमाप करत होते. डेबियनच्या अजून घडत असलेल्या 'अनस्टेबल' आवृत्तीवर एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये शिरायची सोय) लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्यांच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! तुम्हीआम्ही नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. हे गृहस्थ खोदत गेले, खोदत गेले, आणि एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीपाशी पोचले. कोणीतरी 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम करून, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवून, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा बसवला होता. तो लपवला कुठे, तर टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फायलींमध्ये. २९ मार्च २०२४ ला फ्रॉइंडनी हे जाहीर केलं, बहुतेक स्थिर डिस्ट्रोंपर्यंत (डेबियन, उबुंटू असे लिनक्सचे तयार प्रकार) ते पोचायच्या आत.

अवांतर: फ्रॉइंड नोकरी करतात मायक्रोसॉफ्टमध्ये. काडीपेटी, तुमच्याच आळीतला माणूस.

सगळ्यांनी वाचायची गरज नसते, ज्याला शंका आली त्याला शेवटपर्यंत जाता आलं पाहिजे. बंद सिस्टीममध्ये त्यांचा तो अर्धा सेकंद "आपली तक्रार नोंदवली आहे" इथे संपला असता.

काडीपेटी

गोष्ट झकास आहे, पण ती तुमच्या बाजूची आहे की माझ्या? एका माणसाचा अर्धा सेकंद हुकला असता तर? आणि हार्टब्लीड? साइट्सचं कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१२ ला घुसलेली ती चूक २०१४ पर्यंत कोणाला दिसली नाही. तेव्हाही दरवाजा उघडाच होता ना. म्हणजे तुमची सुरक्षा एका चिकट माणसाच्या स्वभावावर उभी आहे.

सोर्सवाचक

हार्टब्लीड मान्य. सपशेल मान्य. जगातल्या एवढ्या साइट्स ज्याच्यावर उभ्या होत्या ते काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं करत होती आणि वापरणाऱ्या बड्या कंपन्यांनी तोवर ढुंकून बघितलं नव्हतं. एक्सझेडमध्येही तेच, एकटा दमलेला माणूस. ही आमची खरी दुखरी जागा आहे, व्हायरस-बियरस नाही. चिकट माणसं मात्र तुमच्याकडेही असतील, त्यांना फक्त आत जाऊ देत नाहीत.

साधीसुधी

मोठ्यांच्या भांडणात मी मध्येच येते, मला यातलं काही कळत नाही. मी शिक्षिका आहे, भाच्याने जुन्या मशीनवर मिंट नावाचं लिनक्स टाकून दिलं त्याला पाच वर्षं झाली. काळा पडदा आजपर्यंत उघडलेला नाही. प्रश्नपत्रिका, ब्राउझर, स्कॅनर, फोटो, एवढंच काम.

मला आवडतं ते म्हणजे ते मशीन मला काही विकत नाही. आधीच्यावर सुरुवातीच्या मेनूतच कसल्याकसल्या गेमच्या जाहिराती, मग अकाउंट काढा, मग क्लाउडवर जागा भरत आली, मग "तुमचा अनुभव आणखी चांगला करण्यासाठी" अमुक परवानगी द्या आणि त्यात नाही म्हणायचं बटणच नाही, "नंतर" असं बटण! नंतर म्हणजे कधी, मला नकोच आहे. आता चालू केलं की डेस्कटॉप येतो आणि शांत असतो. आणि काही नवं लागलं तर एकाच दुकानातून घ्यायचं, कुठल्याही साइटवरून डाउनलोड करून 'नेक्स्ट नेक्स्ट' करत भलतंसलतं पदरात पाडून घ्यायचं नाही.

एकच कुरबुर. दुसऱ्यांनी पाठवलेल्या वर्डच्या फायलींतले तक्ते कधी कधी लिबरऑफिसमध्ये (इथला वर्डसारखा प्रोग्राम) हलतात. तेव्हा चिडचिड होते, खोटं कशाला सांगू.

कळफलक

साधीसुधीताई, 'नंतर'चं बटण, अगदी अगदी.

माझं कारण फार क्षुल्लक आहे. लॅपटॉपची डावी कंट्रोल की मेली. कॉपी-पेस्ट ज्याचा श्वास आहे त्याचं काय होईल विचार करा. कीबोर्ड बदलायचा तर अख्खा वरचा सांगाडा बदलावा लागतो. मग एक छोटा प्रोग्राम असतो, एक्सईव्ही, तो चालवला की एक पांढरी चौकट उघडते आणि तुम्ही जी की दाबाल तिचा नंबर शेजारी छापून येतो. कॅप्स लॉक दाबलं, आलं ६६. कॅप्स लॉक हा प्रकार मी आयुष्यात फक्त चुकून दाबलाय. कीबोर्डची आखणी चक्क एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते, कुठल्या नंबरने काय करायचं ते माणसाला वाचता येईल असं लिहिलेलं. एक ओळ बदलली, कॅप्स लॉकचं कंट्रोल झालं. पाच मिनिटं. नंतर कळलं की सेटिंग्जमध्ये त्याचा तयार पर्यायही होता, पण तोवर मी ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचून काढली होती आणि मजा येत होती.

तिकडेही अशा युक्त्या आहेत, माहितीय. पण आपण घराची भिंत फोडतोय असं वाटत राहतं. इथे भिंत आपलीच.

(काडीपेटी, तुम्ही हसणार. हसा.)

काडीपेटी

हसलो. पण मेलेली की बघून मला नवा कीबोर्ड सुचतो आणि तुम्हाला फाइल वाचायची सुचते, यातच सगळं आलं. हा स्वभावाचा प्रश्न आहे, सिस्टीमचा नाही.

फिरस्ता

सर्व्हरचं कोणी बोललंच नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत एकूण एक लिनक्सवर आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल. मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर लिनक्सवर. मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो, घरच्या मशीनवरही तीच हत्यारं त्याच जागी असली की बरं पडतं, माझं कारण संपलं.

रिकामटेकडा

फिरस्ता, फोनमध्ये कर्नल लिनक्सचा आहे म्हणून कोणी फोन घेत नाही हो. ते 'पसंत करणं' नाही, ते नकळत वापरणं. धागा पसंतीचा आहे.

बाय द वे, ओपन सोर्सवाल्यांनीही कमी धक्के दिलेले नाहीत. उबुंटूने १२.१० मध्ये, म्हणजे २०१२ ला, आपल्याच मशीनवरची फाइल शोधताना अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. आणि सेंटओएस ८ हे सर्व्हरसाठीचं लिनक्स, ज्याला २०२९ पर्यंत सपोर्ट म्हणून लोकांनी सर्व्हर उभे केले, त्याचा डिसेंबर २०२० मध्ये जाहीर करून २०२१ च्या अखेरीस गाशा गुंडाळला. तेव्हा मालक तिथेही असतात.

जुनाजाणता

रिकामटेकडा, नाव काहीही असो, मुद्दा नेमका काढलात. आता पुढचं बघा. सेंटओएसच्या लोकांनी काय केलं? २०२१ मध्येच त्याच धर्तीचे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले आणि लोक आपापले सर्व्हर उचलून तिकडे गेले. ओपनऑफिसचं पुढे काय होणार कळेना तेव्हा २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस निघालं, आज साधीसुधीताई तेच वापरतायत. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपवाल्यांनी आपला जुना डेस्कटॉप मोडीत काढला तेव्हा ज्यांना तोच हवा होता त्यांनी तो माटे नावाने चालू ठेवला.

अधांतरी, तुमचा सहकारी बहुधा त्या चाळीस मिनिटांत हेच सांगायचा प्रयत्न करत होता. मालक इथे वाईट वागणार नाही याची हमी कोणी देत नाही. पण वागलाच तर घर उचलून दुसरीकडे मांडायचा हक्क लायसन्समध्ये लिहिलेला आहे, आणि तो हक्क लोकांनी वेळोवेळी वापरलाय. विकतच्या सिस्टीमवर मालकाने मेनू बदलला की शिव्या घालत नवा मेनू शिकायचा. तुमच्या लॅपटॉपचंही तसंच, "यावर चढणार नाही" हा निर्णय कोणी घेतला आणि तो फिरवणारा दुसरा कोणी असू शकतो का?

जुनं हार्डवेअर लिनक्सही सोडतं बरं का. ज्या ३८६ प्रोसेसरवर लायनसने पहिला कर्नल लिहिला त्याचाच सपोर्ट डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकला. पण तो प्रोसेसर १९८५ चा होता. तुमचा आठ वर्षांचा लॅपटॉप त्या मानाने तान्हं बाळ आहे.

निशाचर

घर उचलून नेणं वगैरे ठीक आहे, पण काका, हे सगळं कोणीतरी दुसरा करतो म्हणून आपण करू शकतो. रॉकी लिनक्स मी थोडंच उभं केलं असतं.

जुनाजाणता

खरंय. पण ज्याला जमतं त्याला तुमची परवानगी लागत नाही आणि त्यालाही कोणाची लागत नाही.

अधांतरी (धागाकर्ता)

मंडळी, दंडवत. तीन दिवस वाचत होतो. काल रात्री धीर करून पेनड्राइव्हवर मिंट टाकलं आणि काहीही इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघितलं, असं चालतं हेच मला माहीत नव्हतं! वायफाय लागलं, आवाज आला, टचपॅड चालला. गेली दोन वर्षं पंखा जो कायम भिरभिरायचा तो पहिली दहा मिनिटं फिरलाच नाही, मला वाटलं मोडला.

आज सकाळी बॅकअप घेऊन इन्स्टॉलपण केलं. (बॅकअपची हार्डडिस्क काढून ठेवली आणि मगच बटण दाबलं, चुकून तीच पुसली जाईल ही भीती.)

एकच अडचण. झाकण मिटलं की तो झोपत नाही. पडदा काळा होतो पण आत चालूच असतो, तासाभराने बॅगेतून काढला तर तवा तापल्यासारखा. सेटिंग्जमध्ये 'सस्पेंड'च निवडलंय. आता परत जायचं का?

साधीसुधी

माझ्या भाच्याला विचारते, पण तो परीक्षेत आहे.

काडीपेटी

थांबा, परत जाऊ नका. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडतात त्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, पॉवरच्या पानावर 'स्लीप स्टेट' असं काही दिसतंय का बघा. काही लॅपटॉपमध्ये तिथे 'विंडोज' आणि 'लिनक्स' असे सरळ दोन पर्यायच असतात. विंडोजवर असेल तर तो नव्या पद्धतीने अर्धवट झोपतो, लिनक्स केलं की जुन्या पद्धतीने गाढ. बदला, सेव्ह करा, झाकण मिटून अर्ध्या तासाने हात लावून बघा.

कळफलक

काडीपेटी?? तुम्हाला हे कसं काय माहीत?

काडीपेटी

घरी जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून फाइल सर्व्हर केलाय, सहा वर्षं झाली. मी डेस्कटॉपबद्दल बोलत होतो. नीट वाचत जा.

अधांतरी (धागाकर्ता)

सापडलं. विंडोजवरच होतं. बदललं. अर्धा तास झाला, गार आहे. झाकण उघडलं, लगेच जागा झाला.

काडीपेटीभाऊ, धन्यवाद. आता तो कॅप्स लॉकचा पर्याय सेटिंग्जमध्ये नक्की कुठे आहे?